गाभण शेळीचे डोहाळे: फळल्यापासून करडं तोडेपर्यंत तिच्या खाण्याकडे कसं बघावं

घरातल्या बाईला दिवस गेले की चार-सहा आठवड्यांत सगळ्यांना कळतं. तिला चिंच हवी असते, फोडणीचा वास नको असतो, आणि ते ती बोलून दाखवते. शेळीला बोलता येत नाही, पण तिचेही डोहाळे असतात. ते संध्याकाळी गव्हाणीत काय उरलं त्यावरून वाचायचे. मी लग्न होऊन धाराशिवकडच्या आमच्या गावी आले तेव्हा गोठ्यात सहा उस्मानाबादी शेळ्या होत्या. सासूबाईंनी मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच: "अगं, ती खात न्हाई म्हणून रागावू नगंस. काय सोडलंय ते बघ आधी."

हा लेख नव्याने चार-पाच शेळ्या घेतलेल्यांसाठी आहे. आकडे मी तीस-पस्तीस किलोच्या उस्मानाबादी शेळीचे धरले आहेत. संगमनेरी किंवा कोकण कन्याळ असेल तर वजनाप्रमाणे थोडं कमी-जास्त करा. शेळी गाभण राहिल्यापासून करडं दुधावरून तुटेपर्यंत सात-आठ महिने जातात. या काळात तिची भूक, तिची आवड आणि तिची गरज तीन वेळा बदलते. हे बदल नेहमी एकाच दिशेने जात नाहीत. गरज वाढते तेव्हा भूक घटते, अशी वेळ येते, आणि नवखा माणूस नेमका तिथे चुकतो.

पहिली पायरी: तारीख भिंतीवर लिहा

शेळी साधारण १५० दिवसांत विते. दोन-पाच दिवस इकडे-तिकडे. बोकडाला दाखवली त्या दिवशीच तारीख लिहायची. एकवीस दिवसांनी पुन्हा माज आला नाही तर ती फळली असं धरायचं. समजा १ जूनला फळली, तर २९ ऑक्टोबरच्या आसपास विणार. आता मधली एक तारीख काढा: शंभरावा दिवस, म्हणजे ९ सप्टेंबर. तिच्याभोवती लाल गोल करा. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा-सात आठवड्यांत होते, त्यामुळे खाण्याचा सगळा हिशोब या गोलानंतर बदलतो. तारीख नसेल तर पुढचं काहीच नीट जमत नाही. बोकड कळपात मोकळा सोडणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याला वेगळा बांधा.

बोकडाला दाखवण्याआधी दोन-तीन आठवडे रोज शंभर-दीडशे ग्रॅम मका किंवा भरडा (भरडलेलं धान्य, पेंड आणि चुनी मिसळलेला खुराक) वाढवला तर जुळ्यांची शक्यता वाढते. शेळी रोड असेल तर याचा गुण जास्त दिसतो. आधीच गुटगुटीत असेल तर फारसा फरक पडत नाही.

दुसरी पायरी: तिचं नेहमीचं खाणं पाठ करा

बदल ओळखायचा तर आधी सवय माहीत हवी. शेळी गाईसारखी गवताच्या पट्ट्यात मान घालून चरत नाही. तिचा वरचा ओठ फार चपळ असतो. काट्यांतून बाभळीचं एवढंसं पान ती अलगद उचलते, शेंडा खाते, देठ सोडते, दोन पावलं पुढे जाऊन बोरीला तोंड लावते. तिला वाढलेलं ताट नको असतं, तिला निवड हवी असते.

म्हणून पहिल्या महिन्यात आठ दिवस एक काम करा. शेवरी, सुबाभूळ, लसूणघास, कडबा, तुरीचं भुसकट, हरभऱ्याचं गुळी, जे काही घालता ते वेगवेगळं घाला आणि ती आधी कशाला जाते, किती वेळ खाते, काय उरवते ते वहीत लिहा. एकीला कडुनिंबाचा पाला आवडतो, दुसरी त्याच्याकडे बघतही नाही. आमच्याकडे एक शेळी लसूणघास सोडून तुरीच्या भुसकटातल्या शेंगांच्या टरफलांना जायची. ही आवड बहुधा तिच्या आईकडून आलेली असते. त्यावर पुढे लिहिते.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेंझा नावाच्या प्राध्यापकांनी जनावरं चारा कसा निवडतात यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या शेळ्या ब्लॅकब्रश नावाच्या खुरट्या झुडपांच्या रानात होत्या. तिथल्या एका कळपाने झुडपांत राहणाऱ्या उंदरांची काटक्यांची घरटी खायला सुरुवात केली. त्या घरट्यांत उंदरांचं मूत मुरलेलं होतं, आणि त्यातलं नत्र शेळ्यांना हवं होतं. ज्या कळपाला ही युक्ती सापडली त्याची तब्येत बाकीच्यांपेक्षा बरी राहिली. जनावर खाल्ल्यावर अंगाला काय वाटतं ते लक्षात ठेवतं आणि त्यावरून पुढचा घास ठरवतं, हे त्या कामाचं सार. पण ही शहाणीव सावकाश येते, आणि चुकीच्या गोष्टीचीही सवय लागते. ते चौथ्या पायरीत बघू.

तिसरी पायरी: पहिले तीन महिने, हात आखडता

या काळात बहुतेक लोक लाडाने चुकतात. शेळी गाभण आहे असं कळलं की भरडा दुप्पट होतो. पण तीन महिन्यांपर्यंत पोटातला जीव फार मोठा नसतो आणि शेळीची भूक चांगली असते. मिळेल ते ती खाते आणि त्याची चरबी होते. हीच चरबी पुढे पाचव्या महिन्यात तिच्या जिवावर उठते.

दिवसाला तीन ते चार किलो हिरवा चारा-पाला, अर्धा किलो वाळली वैरण आणि दोनशे-अडीचशे ग्रॅम भरडा पुरतो. चरायला चांगलं रान असेल तर भरडा आणखी कमी करा. घरचा भरडा असा करता येतो: शंभर किलोला ४० किलो मक्याचा भरडा, २५ किलो शेंगदाणा किंवा सरकी पेंड, २० किलो तूर किंवा हरभरा चुनी, १२ किलो गव्हाचा भुसा, २ किलो खनिज मिश्रण, १ किलो मीठ. मीठ आयोडीनचंच घ्या. आईला आयोडीन कमी पडलं तर करडं अशक्त, कमी केसांची, गळ्याला गाठ असलेली जन्मतात.

शेळी रोड आहे की जाड, हे डोळ्यांनी कळत नाही, केस फसवतात. आठवड्याला एकदा कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागे हात ठेवा. कण्याची हाडं टोचत असतील तर ती रोड आहे. बोटं दाबूनही हाड लागत नसेल तर जास्त जाड आहे. हाड लागतं पण वर मांसाची गादी आहे, असं हाताला जाणवलं की ठीक.

पहिल्या महिन्यात चारा एकदम बदलू नका. कडब्यावरून एकदम हिरव्यावर किंवा उलट, असं नको. नवा चारा आठ-दहा दिवसांत थोडा-थोडा मिसळत न्या. तिच्या पोटातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

याच काळात काही शेळ्या माती चाटतात, भिंतीचा पोपडा खातात, कपडा किंवा हाड चघळतात. याला लोक डोहाळे म्हणून सोडून देतात. तसं करू नका. पोटातल्या करडाची हाडं आणि नंतर दूध, दोन्हींना फॉस्फरस आणि कॅल्शियम लागतं. वाळल्या गवतावरच्या जनावराला फॉस्फरस हटकून कमी पडतो. दक्षिण आफ्रिकेत गेल्या शतकाच्या सुरुवातीला गाई रानात पडलेली हाडं चघळून पटापट मरत होत्या. आर्नल्ड थायलर या पशुवैद्यकाने उलगडा केला की गाईंना फॉस्फरस कमी पडतो म्हणून त्या हाडं शोधतात, आणि सडक्या हाडांतल्या विषाने मरतात. हाडांचा भुगा खाऊ घातल्यावर त्यांची ती हाव थांबली. आपल्यासाठी उपाय सोपा आहे: भरड्यात खनिज मिश्रण आणि गोठ्यात टांगलेली चाटण वीट. त्यानंतरही पंधरा दिवस माती खाणं थांबलं नाही तर लेंड्या तपासून घ्या, जंत असू शकतात. जंताचं औषध मात्र मनाने पाजू नका. काही औषधं गाभण शेळीला चालत नाहीत.

चौथी पायरी: कशाला तोंड लावू द्यायचं नाही

शेळी शहाणी आहे, विषारी पाला ती खात नाही, असं गावात म्हणतात. रान भरलेलं असतं तेव्हा ते बऱ्याच अंशी खरंही असतं. भूक लागली, चारा संपला, की ही शहाणीव टिकत नाही. गाभण शेळीच्या बाबतीत दोन जिवांचा धोका.

सगळ्यात आधी बेशरम. ओढ्याच्या, कालव्याच्या कडेने जांभळ्या फुलांची ही झुडपं उन्हाळ्यातही हिरवीगार असतात. बाकी सगळं वाळलेलं असताना शेळी त्यांना तोंड लावते. हळूहळू तिला चटक लागते, मग चांगला चारा असला तरी ती बेशरमच शोधते. याचं विष मज्जासंस्थेवर चढतं. ब्राझीलमध्ये हेच झुडूप शेळ्यांना गाभण काळात खाऊ घालून पाहिलं, तेव्हा करडं वाकड्या पायांची, उभं राहून सडापर्यंत न पोचणारी जन्मली. तुमच्या चरायच्या वाटेवर बेशरम असेल तर वाट बदला.

कोवळ्या ज्वारीचे पोंगे, विशेषतः पावसाने ओढ दिल्यावर सुकत चाललेल्या किंवा कापणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या ज्वारीचे, थोड्या वेळात जनावर मारतात. घाणेरीने यकृत बिघडतं. कण्हेरीची चार पानंही नकोत. आणि सुबाभूळ, जी आपण आवडीने घालतो, ती हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशावर जाऊ देऊ नका. शेवरी, हादगा, दशरथ घास मिसळून घाला.

बुरशी लागलेली पेंड हा वेगळाच शत्रू. एका पावसाळ्यात दुकानातून आणलेल्या शेंगदाणा पेंडीला आतून हिरवट बुरशी होती. पोतं वरून चांगलं दिसत होतं. दोन शेळ्यांनी तोंड फिरवलं, तिसरी भुकेली होती, तिने खाल्लं आणि चार दिवसांनी गाभडली. गाभडण्याला दुसरीही कारणं असतात, तेव्हा पेंडीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या दिवसापासून प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढते, वास घेते, उजेडात बघते. ज्या शेळ्यांनी तोंड फिरवलं त्यांचं मी त्या दिवशी ऐकायला हवं होतं.

पाचवी पायरी: शंभराव्या दिवसानंतर

आता त्या लाल गोलाकडे या. इथून पुढे शेळीच्या पोटात दोन गोष्टी जागेसाठी भांडतात. एका बाजूला मोठी कोठी, जिथे चारा कुजतो-मुरतो. दुसऱ्या बाजूला वाढणारं गर्भाशय. उस्मानाबादीला जुळं होणं नेहमीचं. दोन-अडीच किलोची दोन करडं, वार आणि पाणी मिळून सात-आठ किलोंचं ओझं एवढ्याशा पोटात मावतं. कोठीला आकसावं लागतं. शेळीला भूक असते पण जागा नसते.

म्हणून तिची निवड बदलते. आधी जी कडब्याची पानं आणि दांडे दोन्ही खायची ती आता फक्त पानं खाते. जाड, भरड वैरण सोडते. कोवळे शेंडे, पाला, शेंगा यांना आधी जाते. एका वेळी थोडंच खाते, मध्येच बसते, पुन्हा उठून दोन घास घेते. रात्री उठून खाते. हे डोहाळे खरे आहेत आणि ते मानायचे. कमी जागेत जास्त कस असलेलं खाणं तिला हवं आहे, आणि ती तेच निवडते आहे. तिला नखरेल म्हणून "उरलेलं संपव, मग नवीन घालते" असं करणं म्हणजे पोटातल्या करडांना उपाशी ठेवणं.

यासाठी मी काय बदलते ते क्रमाने सांगते.

वैरण दोनदाऐवजी चारदा घालते, शेवटची रात्री झोपण्याआधी. आधीचं उरलेलं काढून मगच नवीन. उरलेले दांडे बैलांना जातात.

भरडा दर आठवड्याला पन्नास ग्रॅमने वाढवते. अडीचशेवरून शेवटच्या पंधरवड्यात साडेतीनशे-चारशेपर्यंत नेते, आणि तो दोन वेळांत विभागून देते. एकदम वाढवला तर कोठी आंबते, शेळी पोट फुगून पडते.

पाल्याच्या पेंढ्या खाली बांधते. एरवी शेळी मागच्या पायांवर उभी राहून उंच डहाळी ओढते. चौथ्या महिन्यानंतर तिला ते जमत नाही आणि जमलं तरी करू देऊ नये. तिच्या तोंडाच्या उंचीला, छातीपेक्षा थोडी वर, पेंढी बांधा.

गव्हाणीत तिला वेगळी जागा देते. एका मोठ्या शेळीला दीड फूट तरी रुंद जागा लागते. कळपात धाक असलेल्या शेळ्या ढुशी मारून गरीब शेळीला हटवतात. गाभण शेळी भांडण टाळते, मागे सरते आणि उपाशी राहते. ती खात नाही असं आपल्याला वाटतं, खरं तर तिला खाऊ दिलं जात नसतं. मी दोन गाभण शेळ्या एकत्र आणि बाकीच्या वेगळ्या बांधते.

या काळात एक मरण असं येतं की ते आधी फक्त गव्हाणीत दिसतं. त्याला गर्भविषबाधा म्हणतात. पोटातली करडं आईच्या रक्तातली साखर ओढतात. आईला तेवढं खाता येत नाही, म्हणून तिचं शरीर साठवलेली चरबी मोडतं. चरबी फार वेगाने मोडली की रक्तात किटोन साचतात, त्यांनी भूक आणखी मरते, आणि चरबी आणखी मोडते. जुळी-तिळी असलेली, फार रोड किंवा फार जाड शेळी यात आधी सापडते.

आमची चांदी अशी गेली. पांढऱ्या ठिपक्यांच्या कानांची, तिसऱ्या वेताची, पोट दोन्ही बाजूंनी घोंगडीसारखं लोंबलेलं. विण्याला तेरा दिवस होते. सकाळी तिने भरडा हुंगून सोडला, पण दोन घास शेवरीचे खाल्ले. आदल्या दिवशीच नवीन पोतं फोडलं होतं. मला वाटलं वास वेगळा लागला असेल. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी ती कळपातून बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि दात खात होती. करकर आवाज येत होता. तोंडाजवळ गेले तर श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास. हाक मारली तरी मान वळेना, डोळ्यांसमोर हात हलवला तरी पापणी लवेना. डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज दिलं, रात्रभर मी तिच्याजवळ बसले. पहाटे गेली. पोटात तीन करडं होती. माझा एक दिवस चुकला होता, आणि तो एक दिवस मोठा होता.

तेव्हा हे लिहून ठेवा. शेवटच्या महिन्यात शेळी आधी भरडा सोडते, मग वैरण, शेवटी पाला. ज्या शेळीने एका वेळचा भरडा सोडला तिला त्याच दिवशी डॉक्टर दाखवा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक आहे, तो गोठ्याच्या दारावर लिहा. मेडिकलच्या दुकानात लघवीतले किटोन तपासायच्या पट्ट्या मिळतात. शेळी उठली की बहुधा लघवी करते, तेव्हा वाटीत धरून पट्टी बुडवा. रंग बदलला तर वाट बघत बसू नका. प्रोपिलीन ग्लायकॉल हे पाजायचं औषध डॉक्टरांना विचारून, माप लिहून घेऊन, घरात आणून ठेवा. नुसतं गूळपाणी इथे पुरत नाही, कारण त्यातली साखर कोठीतले जिवाणूच खाऊन टाकतात, रक्तात फार थोडी पोचते.

शेळीला रोज थोडं चालवा. बांधून ठेवलेल्या जाड शेळीला हा आजार लवकर गाठतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास सपाट रानात फिरू द्या, कुत्र्यांपासून जपा.

विण्याच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या आजाराची) लस डॉक्टरांना विचारून घ्या. खाण्याच्या लेखात लस कशाला, असं वाटेल. पण करडाला वारेतून प्रतिकारशक्ती मिळत नाही, ती फक्त चिकातून मिळते. आणि आईच्या चिकात ती यायला तेवढे दिवस लागतात.

सहावी पायरी: विण्याचा दिवस

विण्याआधी बारा-चोवीस तास बहुतेक शेळ्या खाणं कमी करतात. कास भरलेली, शेपटीजवळच्या दोन्ही बाजू खोल गेलेल्या, सारखी ऊठ-बस, पायाने जमीन उकरणं, अशी लक्षणं असतील तर हे न खाणं नैसर्गिक आहे, काळजीचं नाही. लक्षणं नसताना न खाणं मात्र काळजीचं.

मग एक चमत्कार घडतो, जो मी इतक्या वेळा बघूनही दर वेळी थांबून बघते. जन्मभर पाला खाणारी, शेणामुताचा वास लागला तरी वैरण सोडणारी शेळी, करडाच्या अंगावरचं चिकट पाणी जिभेने चाटून पुसून काढते. फ्रान्समधल्या संशोधकांनी मेंढ्यांवर पाहिलं की एरवी मेंढी या पाण्याच्या वासापासून तोंड फिरवते, फक्त विण्याच्या वेळी तोच वास तिला ओढतो. त्या चाटण्यातून ती आपलं करडू ओळखायला शिकते. म्हणून पहिला अर्धा तास करडू पुसायला धावू नका. तिच्या पुढ्यात ठेवा. नाक-तोंड मोकळं करा, एवढंच. कडाक्याची थंडी असेल किंवा ती चाटत नसेल तरच फडक्याने पुसा.

काही शेळ्या वारही खातात. मी वार पडली की उचलून खोल पुरते, कारण मोठा लगदा घशात अडकण्याची भीती असते आणि कुत्री गोळा होतात. वार बारा तासांत पडली नाही तर ओढू नका, डॉक्टरांना बोलवा.

पहिल्या तासाभरात करडाला चीक मिळालाच पाहिजे. अडीच किलोच्या करडाला पहिल्या चोवीस तासांत पाव लिटर, चार-पाच वेळांत. जसे तास जातात तसा तो चीक अंगात शोषण्याची करडाची ताकद कमी होत जाते.

शेळीला कोमट पाणी लगेच द्या. एवढ्या तहानेने पिताना ती कधी दिसणार नाही. आमच्याकडे कोमट पाण्यात मूठभर गूळ आणि चिमूट मीठ घालतात, नंतर बाजरीची पातळ कांजी आणि बाळंतशेपा. वाटीभर कांजी चांगली. प्रेमाने पातेलंभर शिजवलेली बाजरी पुढे ठेवू नका. रिकाम्या झालेल्या कोठीत एवढं धान्य एकदम गेलं तर ती आंबते. पहिले दोन दिवस पाला आणि बारीक मऊ वैरण, भरडा विण्याआधीच्या निम्मा.

सातवी पायरी: पाजती शेळी

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भूक परत येते. पोटात जागा झालेली असते. पण दूध भुकेच्या पुढे धावतं. चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान दूध सगळ्यात जास्त असतं, आणि खाणं पूर्ण वाढायला त्याहून जास्त दिवस लागतात. मधली तूट ती स्वतःच्या अंगातून भरून काढते. म्हणून जुळी पाजणारी शेळी महिनाभरात खंगलेली दिसते. थोडं वजन उतरणं ठरलेलंच आहे, पण कमरेची हाडं टोचेपर्यंत जाऊ देऊ नका.

भरडा आठवड्याला शंभर ग्रॅमने वाढवत चारशे-पाचशे ग्रॅमवर न्या. तिळी असतील तर थोडा आणखी, पण वैरण आधी खाऊ घालून मग भरडा. या दिवसांत तिला द्विदल पाल्याची ओढ लागते. शेवरी, लसूणघास, हरभऱ्याचा पाला, तुरीचं भुसकट, यांतलं काही ना काही रोज असू द्या. मार्च-एप्रिलमध्ये व्यालेल्या शेळीसाठी बाभळीच्या शेंगा हे रानाचं देणं आहे. बाकी सगळं वाळलेलं असताना त्या पिकून झाडाखाली पडतात. सकाळी वेचून आणा, दिवसाला दोन-तीन ओंजळी पुरे.

पाणी हा अर्धा खुराक. दुधाचा बहुतांश भाग पाणीच असतो. उन्हाळ्यात पाजणारी शेळी पाच-सहा लिटर सहज पिते. ती शेवाळलेलं, उन्हात तापलेलं पाणी पीत नाही, तहान मारून नेते आणि दूध उतरतं. माठ किंवा सिमेंटचा कुंडा सावलीत ठेवा, रोज घासा.

एक गोष्ट चारणाऱ्यांसाठी. पहिले काही दिवस शेळी करडं एका कोपऱ्यात, झुडपात लपवते आणि जवळपास चरून परत येते, ही तिची रानातली जुनी सवय. पहिल्या आठवड्यात तिला कळपासोबत दोन-तीन मैल नेलं तर ती चरत नाही. मान वर करून सारखी मागे बघते, ओरडते, आणि उपाशी घरी येते. आठ-दहा दिवस तिला घरीच बांधून खाऊ घाला. मग रानात न्या, तेही दुपारी परत येईल अशा बेताने.

आणि कांदा, शेपू, कडुनिंबाचा भरपूर पाला खाल्लेल्या शेळीच्या दुधाला वास येतो. घरात दूध चहाला घेत असाल तर अशा गोष्टी दूध काढल्यानंतर घाला. करडांना त्या वासाचं काही वाटत नाही. उलट ते त्यातून शिकतात.

आठवी पायरी: करडाचं पहिलं पान

सशांवर केलेल्या प्रयोगात गाभण आणि पाजत्या माद्यांच्या खाण्यात ज्युनिपर नावाचं झुडूप होतं, तर त्यांची पिल्लं दुधावरून तुटताना तेच पसंत करत होती, आधी कधीही न खाता. चव पोटातच पोचली होती, नंतर दुधातून. शेळीत हे मी प्रयोगाने सिद्ध केलेलं नाही, पण ज्या वर्षी गाभण शेळ्यांना हादग्याचा पाला घातला त्या वर्षीची करडं हादग्याला पटकन लागली, हे दोनदा बघितलं. तुम्हाला पुढे जो चारा स्वस्तात मिळणार आहे, तो आई गाभण असतानाच तिला थोडा-थोडा देत जा.

दहा-पंधरा दिवसांचं करडू आईच्या तोंडातलं लोंबतं पान ओढतं. ते ओढू द्या. आईच्या शेजारी, तिच्या तोंडाखाली कोवळ्या शेवरीची छोटी पेंढी बांधा. ती जे खाते ते करडू खातं, ती जे हुंगून सोडते ते करडूही सोडतं. आईविना वाढलेल्या करडाला हे कोणी शिकवत नाही, त्याच्या चाऱ्यावर जास्त लक्ष लागतं.

अडीच-तीन महिन्यांनी करडं तोडायची. तोडण्याआधी चार दिवस आईचा भरडा निम्म्यावर आणा, मग बंद करा, फक्त वाळली वैरण आणि पाणी. दूध आपोआप आटतं. कास रोज हाताने बघा. ताठ पण थंड असेल तर राहू द्या. एक बाजू गरम, लाल किंवा दगडासारखी लागली, किंवा सडातून गाठी आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. कास सैल पडली की आठवडाभराने भरडा पुन्हा शंभर ग्रॅमपासून सुरू करा आणि कमरेवर हात ठेवून बघा, किती गेलं आहे ते.